मागच्या सीटवरच्या ओट्या

अण्णा निवृत्त झाले त्या संध्याकाळी शाळेनं दिलेली शाल आणि नारळ त्यांनी आईच्या हातात दिले, तेव्हा आई म्हणाली, "आता पावसाळा सरला की निघायचं."

कुठे, हे मला विचारावं लागलं. त्यांच्या दोघांच्या बोलण्यातल्या बऱ्याच गोष्टी मला विचाराव्या लागत. अण्णांनी सगळी नोकरी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत केली. बदली झाली की बैलगाडीत बिऱ्हाड घालायचं आणि पुढच्या गावी जायचं. त्या सगळ्या गावांना एकदा जाऊन यायचं, जुन्या विद्यार्थ्यांना आणि बरोबरच्या मास्तरांना भेटायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आधी कुणाकडे, मग कुणाकडे, हेही आईनं ठरवून टाकलं होतं.

"विद्यार्थी माझे आहेत की तुझे?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही नुसतं शिकवलंत," आई म्हणाली. "जेवायला कोण घालत होतं?"

श्रावणात आई गेली. मुंबईच्या इस्पितळात गेली आणि तिथूनच तिला नेलं. निवृत्तीनंतर त्यांनी बदलापूरला दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथे त्यांना ओळखणारं अजून कुणी नव्हतं. आणि ज्या गावांना ती ओळखत होती, त्या गावांना कुणी कळवलं नाही. मुलांना पत्रलेखन शिकवण्यात ज्यांचा हातखंडा होता त्या अण्णांनी एकही कार्ड लिहिलं नाही. मी एकदा आठवण केली, तर म्हणाले, "लिहितो." नंतर मी विचारलं नाही.

माघात एका शुक्रवारी ते दादरला मामाकडे आले आणि मला म्हणाले, "तुला मोटार चालवता येते ना? मामाला विचार, दोन-तीन दिवस देईल का."

मी तेव्हा फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी करत होते आणि मामाकडेच राहत होते. पाचव्या वर्षापासून तिथेच होते. अण्णांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि इंग्रजी शाळा दादरला होती. आईवडील मला मे महिन्यात आणि दिवाळीत भेटत. स्वयंपाकघरात आई काय करते हे मी बघत बसे, पण मध्ये काही विचारत नसे. तीही पाहुणीशी बोलावं तशी माझ्याशी जपून बोले.

मामानं मोटार दिली. शनिवारी पहाटे आम्ही बदलापूरहून निघालो. अण्णांनी धोतर-कोट घातला होता आणि मांडीवर पिशवी धरली होती. वांगणी गेलं, शेलू गेलं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत कुठे कुठे वाल उभा होता. अण्णा वाट सांगत होते, एवढंच बोलत होते. नेरळवरून कळंबच्या रस्त्याला लागलो तेव्हा म्हणाले, "सावकाश. आपल्याला घाई नाही."

पहिलं घर कशेळ्याच्या अलीकडच्या गावातलं, भाताच्या गिरणीचं. गिरणीवाला अण्णांचा सातवीतला विद्यार्थी. आता चाळिशीला आला होता. गिरणी चालू होती आणि त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कोंडा बसला होता. त्यानं अण्णांना बघितलं, धावत येऊन पायावर डोकं ठेवलं, आणि उठल्या उठल्या मोटारीकडे गेला. मागच्या दाराशी वाकून त्यानं काचेतून आत बघितलं.

"काकी कुठं हायेत?" तो ओरडून म्हणाला. "उतरल्या नाय त्या?"

गिरणीचा पट्टा फट् फट् करत होता. मी किल्ली हातात धरून उभी होते.

"घरी आहे," अण्णा तितक्याच मोठ्यानं म्हणाले. "गुडघे धरलेत तिचे."

आईचे गुडघे कधी दुखले नव्हते. मी अण्णांकडे बघितलं. ते कोटाची बटणं लावत होते.

गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला, आम्हाला घरात नेलं. त्याची बायको तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासनं ऐकते, काकींच्या हातची सुकटीची चटणी. खायची माझी आन् नाव घ्यायचं त्यांचं. एकदा येऊ द्या गुरुजी त्यांना, मला भांडायचंय."

"भांडशील आन् हरशील," गिरणीवाला म्हणाला.

मग तो मला सांगू लागला, कारण अण्णांना ते माहीत होतं. सातवीच्या परीक्षेला मुलांना कर्जतला जावं लागे. त्याच्या आधी महिनाभर अण्णा वाड्यावस्त्यांवरची मुलं आपल्या घरी राहायला आणत, कारण त्यांच्या घरी अभ्यासाला दिवा नसे. डोंगरातून आलेला हा मुलगा पहिल्या रात्री रडला आणि पळून जायला निघाला. आईनं त्याला ओढून आणलं, आपल्या अंथरुणाशेजारी निजवलं आणि आपल्या पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं.

"मला वाटलं, मी पळू नये म्हणून बांधला," तो म्हणाला. "सकाळी विचारलं तर काकी म्हणतात कशा, मीच भिते रं काळोखाला, म्हणून बांधला. आन् मला खरं वाटलं! परीक्षा संपेस्तोवर काकींची राखण म्हणून निजत होतो मी."

त्याची बायको हसली, अण्णा हसले. मीही हसल्यासारखं केलं. परीक्षा माघ-फाल्गुनात असे. मी घरी जाई तेव्हा ते घर रिकामं, झाडलेलं असे. तिथे दहा-पंधरा मुलं निजत, हे मला कुणी सांगितलं असेलही. मी ते कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं.

निघताना गिरणीवाल्याच्या बायकोनं मला देवापुढे बसवलं, कुंकू लावलं आणि सुपातून तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण असं सगळं पंच्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवलं.

"तुजी नाय हां," ती म्हणाली. "तुजी लगीन झाल्यावर भरीन. ही काकींची ओटी. त्यांच्या पदरात घाल आन् म्हणावं, कशेळ्याकडच्या सुनेनं दिलीय."

ओटी नको म्हणता येत नाही, एवढं मलाही माहीत होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते दारात चपला शोधत होते, चपला समोरच होत्या.

मी ओटी मागच्या सीटवर ठेवली. गाव मागे पडल्यावर मी म्हणाले, "अण्णा."

"हं."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

बाहेर एका शेतात पुढच्या भातासाठी राब भाजत होते. ढाळ्या आणि शेणाचे थर पेटून निळा धूर रस्त्यावर येत होता. अण्णा त्याकडे बघत राहिले.

"गिरणी चालू होती," ते म्हणाले. "ओरडून सांगायचं का?"

गिरणी त्यांच्यासाठी लगेच बंद झाली होती. पण ते मी बोलले नाही.

कडावला एसटीच्या ड्रायव्हरचं घर होतं. तोही विद्यार्थी. तो कामावर गेला होता, घरी त्याची म्हातारी आई होती. तिला अंधुक दिसत होतं. अण्णांचा आवाज ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला.

"मास्तर! अजून जिते हाव?"

"तुम्ही असताना मी कसा जाऊ?" अण्णा म्हणाले.

"तुमी माझ्या पोराला बडवायचं आन् तुमची मास्तरीण त्याच्या पाठीला तेल लावायची. दोघांनी मिळून माणूस केलात त्याला. कुठं हाय ती?"

"घरी. गुडघ्यांचं दुखणं."

"लई?"

"आता बरं आहे," अण्णा म्हणाले. कुणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाले, "सकाळी चालते थोडी. कोपऱ्यावरून फुलं आणते पूजेला."

म्हातारीनं नातीला परसात पिटाळलं आणि निरगुडीचा पाला आणवला. तो गरम करून गुडघ्यांना कसा बांधायचा, वर एरंडाचं पान कसं ठेवायचं, हे तिनं मला दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं. मी म्हणून दाखवलं. ड्रायव्हरची मुलगी, शाळेत जाणारी, इतका वेळ माझ्या घड्याळाकडे बघत होती. तिनं विचारलं, "तुमी आईशी इंग्रजीत बोलता?"

"नाही," मी म्हणाले. "आम्ही मराठीतच बोलतो."

म्हणजे मीही सामील झाले. बोलून गेले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. त्या घरात आईचे गुडघे दुखत होते, ती कोपऱ्यावर जाऊन फुलं आणत होती, आणि आम्ही घरी परतलो की पाला कसा बांधायचा हे मी तिला सांगणार होते.

तिथेही ओटी मिळाली. शेतावरून आलेल्या ड्रायव्हरच्या बायकोनं जांभळा खण दिला. रात्री आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. सकाळी मोटारीचं दार उघडलं तर आत निरगुडीचा उग्र वास कोंडला होता. दोन नारळ, दोन गाठोडी आणि पाला. अण्णांनी काच खाली केली, पण पाला टाकून दे म्हणाले नाहीत. मीही टाकला नाही.

रविवार होता. कर्जतवरून चौकच्या रस्त्यानं मुंबई-पुणे रस्त्याला लागलो आणि खालापूरच्या अलीकडे एका गावात वळलो. तिथे जिच्याकडे जायचं होतं तिच्याविषयी अण्णा आधी काही बोलले नव्हते. गावाजवळ आल्यावर म्हणाले, "ही आपल्याकडे राहायची. हिच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी ते सातवी आपल्याच घरात. आता शिक्षिका आहे, इथल्याच शाळेत."

"मला माहीत नव्हतं."

"तू दादरला होतीस," अण्णा म्हणाले.

ती माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, पण चणीनं लहानखुरी. अंगणात वाल सोलत बसली होती, शेजारी सासू. अण्णांना बघून तिनं सूप बाजूला सारलं. नमस्कार केला आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली.

"निळा फ्रॉक!" ती म्हणाली. "खिशावर सशाचं चित्र. तुमचाच ना?"

मला तो फ्रॉक आठवला. मामीनं शिवलेला. तो मला आखूड झाल्यावर गावी पाठवला होता.

"सातवीच्या परीक्षेला तोच घातला होता मी," ती म्हणाली. "आईनं खालून पट्टी लावून दिली होती."

ती माझ्या आईला आई म्हणत होती. बाकी सगळ्यांची ती काकी, हिची आई.

"आई नाय आली?" तिनं मोटारीकडे बघितलं.

अण्णा म्हणाले, "गुडघे."

तिनं आम्हाला आत बसवलं, चहा ठेवला. चुलीपुढे बसून ती बोलत होती आणि मी दाराच्या चौकटीशी उभी राहून ऐकत होते. अण्णा बाहेर तिच्या सासूशी बोलत होते. तिच्या बोलण्यात आईचंच सगळं: आईची चहाची चव, आईचं वेणी घालताना केस ओढणं, दप्तर उशाला घेऊन झोपलं तर धडे उशीत गळून जातात म्हणून रागावणं. मग ती हसली.

"तुमाला एक सांगू? रागवाल. आई माझ्याकडून इंग्रजी शिकायची."

"आई?"

"पाचवीत मला इंग्रजी लागलं ना. रात्री भांडी झाली की म्हणायची, घे गं तुझं पुस्तक. कम, सिट, ईट, एवढं पाठ केलं होतं. माझ्यावर करायची. कम म्हणायची, मी यायची. सिट म्हणायची, मी बसायची. आमी दोघी हसून हसून लोळायचो. म्हणायची, मे महिन्यात माझी पोर आली ना, की मोटारस्टँडवरच म्हणणार आहे, कम."

तिनं चहा गाळला.

"म्हटलं का हो कधी?"

"नाही," मी म्हणाले.

"लाजली असेल," ती म्हणाली. "म्हणायची, पोर फाडफाड बोलते, मला कळत नाय, मी बोलले तर हसंल."

मी हसले नसते, असं मला वाटतं. खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते आणि मामाच्या घरात चुकीच्या इंग्रजीला सगळेच हसत.

चहा झाला. तिनं ट्रंक उघडली आणि एक साडी काढली, मोरपिशी, काठांची. पहिल्या पगाराची, आईसाठी घेऊन ठेवलेली. जायला जमलं नाही म्हणून राहिली होती. तिनं ताटात साडी ठेवली, तांदूळ घेतले, नारळ घेतला, आणि ते ताट हातात घेऊन एकदम थांबली.

"पण मी का देऊ तुमच्याकडं?" ती म्हणाली. "मीच भरते ना आईची ओटी. मोटारीत जागा हाय. आज येते, उद्या सकाळच्या गाडीनं परत येईन. आत्याबाई, जाऊ?"

"जा की," सासू बाहेरून म्हणाली. "त्यांनी वाढवलीय तुला. कधीची जाते जाते म्हणतेस."

ती साडी बदलायला आतल्या खोलीत गेली. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांच्या हातात कप होता, तो केव्हाच रिकामा झाला होता, तरी त्यांनी तो परत तोंडाला लावला. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ते काहीतरी बोलतील म्हणून थांबले. आतून बांगड्यांचा आवाज येत होता. ती घाईघाईनं आवरत होती.

"अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं आणि मान हलवली. नको अशी हलवली, की तू सांग अशी, मला तेव्हाही कळलं नाही.

मी आत गेले. ती निऱ्या करत होती, पिना दातात धरल्या होत्या.

"आई नाहीये," मी म्हणाले.

"कुठं गेलीय?" ती पिना तोंडात ठेवूनच म्हणाली.

"श्रावणात गेली. इस्पितळात."

तिच्या हातातल्या निऱ्या तशाच राहिल्या. मग तिनं पिना एकेक तोंडातून काढून फळीवर ठेवल्या. मला वाटलं, ती रडेल. मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करावं ते कळत नाही, म्हणून मी भिंतीकडे सरकले. पण ती रडली नाही. निऱ्या कशातरी खोचून ती बाहेर अण्णांसमोर गेली.

"गुरुजी, श्रावणात?"

अण्णा उठून उभे राहिले, शाळेत साहेब आल्यासारखे.

"श्रावणापासनं मी हळदीकुंकवाला जाते, सणाला गोडधोड खाते, गजरा माळते," ती म्हणाली. "तिच्या नावानं एक आंघोळ केली नाय मी. परकी झाले का हो मी? कार्ड तरी टाकायचं. तुमीच शिकवलंत ना कार्ड लिवायला?"

"लिहायला बसलो होतो," अण्णा म्हणाले.

"मग?"

अण्णांनी हातातला रिकामा कप ओट्यावर ठेवला.

ती परसात गेली.  सासू उठली, विहिरीवरून कळशी ओढून आणली आणि बायामाणसांच्या न्हाणीच्या दगडावर तिला बसवून, अंगावरच्या नुकत्याच नेसलेल्या साडीसकट, तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं. एक कळशी झाली, दुसरी झाली. मेल्याची बातमी उशिरा कळली तरी आंघोळ करायची असते, हे मी ऐकून होते. ती आंघोळ म्हणजे काय, हे तेव्हा बघितलं. पाण्याखाली ती हमसून रडू लागली आणि सासू पाणी ओतत राहिली, रडणं आणि पाणी वेगळं दिसू नये एवढं. मी परसदारात उभी होते. श्रावणात दादरच्या न्हाणीघरात मामीनं माझ्यासाठी गरम पाणी काढलं होतं, मी दार लावून आंघोळ केली होती आणि दुसऱ्या आठवड्यात कचेरीत गेले होते.

ओल्या केसांनी ती बाहेर आली. सासू म्हणाली, "अहेव गेली, कुंकू घेऊन. भाग्याची."

मला राग आला. पण त्या बाईनं आताच माझ्या आईसाठी विहिरीतून पाणी ओढलं होतं, म्हणून गप्प बसले.

मी मोटारीतल्या ओट्यांविषयी विचारलं. कुणाला तरी विचारायलाच हवं होतं. त्यांचं काय करायचं, मला माहीत नव्हतं, आणि अण्णांना विचारणं शक्य नव्हतं. ती मोटारीपाशी आली, काचेतून बघितलं. दोन गाठोडी, मध्ये सुकलेला पाला.

"हे काय?"

"गुडघ्यांसाठी," मी म्हणाले.

तिनं डोळे मिटले. मग सासूकडे वळली. दोघी हळू बोलल्या. सासू म्हणाली, "दिलेली ओटी परत घ्यायची नसते. ठेवा. वर्ष झालं की पितरांच्या पाखात अविधवा नवमी येते. त्या दिवशी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालाल, तिच्या पदरात घाला."

"सवाष्ण मी," ती लगेच म्हणाली. "दुसरी कोण बोलवायची नाय. बोलवाल ना?"

"बोलवीन," मी म्हणाले. कचेरीबाहेर कुणाला काही कबूल करायची मला सवय नव्हती.

मग ती अण्णांना म्हणाली, आवाज आता खाली आला होता, "गुरुजी, ज्यांनी ज्यांनी ओट्या दिल्या त्यांना सांगा. नायतर ती माणसं वाट बघत बसतील. येतील आता, मग येतील."

"सांगतो," अण्णा म्हणाले.

तिनं मोरपिशी साडी आमच्याबरोबर दिली नाही. ताटातून उचलून परत ट्रंकेत ठेवली.

तिथून खोपोलीला निघालो. रस्त्यावर ट्रकांची रांग होती, घाट चढायच्या आधी ड्रायव्हर टायरांवर हातोडी मारून बघत होते. अण्णांनी मला मध्येच थांबायला सांगितलं, उतरून झाडामागे गेले आणि बऱ्याच वेळानं आले. चेहरा धुतलेला होता. पाणी कुठे मिळालं कुणास ठाऊक.

खोपोलीत त्यांचे मित्र राहत. एका शाळेत दोघे बरोबर होते. मित्र आधी निवृत्त झाले आणि इथे घर बांधलं. मागे डोंगर, डोंगरावरून वीजघराचे जाड नळ खाली उतरलेले. मित्र झोपाळ्यावर पेपर वाचत होते. अण्णांना बघून त्यांनी पेपर फेकला.

"अरे चोरा! निरोप समारंभाला बोलावलं नाहीस ते नाहीस, आता हात हलवत आलास. वहिनी कुठंयत? विकलीस का कुणाला?"

अण्णा पायरीवर होते. एक पाऊल वर, एक खाली.

"अगं, कोण आलंय बघ," मित्र आत ओरडले. "आणि मास्तर एकटेच आलेत. त्यांच्या मंडळींची ओटी आणतेस ना? नाहीतर पुढच्या वेळी मला शिव्या बसतील."

त्यांच्या पत्नी आल्या, हसऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि हातात ताट तयारच होतं. आमची मोटार खिडकीतून बघून त्यांनी आधीच भरून आणलं असावं.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "ते ताट आत ठेवा."

"का हो भावोजी?"

"ती गेली. श्रावणात. मी कुणालाच कळवलं नाही."

त्यांनी ते शाळेत धडा सांगावा तशा आवाजात सांगितलं, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. वहिनी ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्यानं उठून ताट त्यांच्या हातातून घेतलं, आत नेऊन ठेवलं, बाहेर आले आणि अण्णांचा दंड धरून त्यांना झोपाळ्यावर बसवलं. स्वतः शेजारी बसले. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बसले, नेहमी बसते तशी, दाराला लागून.

"काय झालं?" मित्र म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

अण्णा सांगू लागले. ताप कसा आला, बदलापूरच्या डॉक्टरनं काय दिलं, मग लोकलनं मुंबईला कसं नेलं, इस्पितळात खाट कशी मिळाली. रोजचं रोज सांगत होते. तिनं काय खाल्लं, काय खाल्लं नाही. मी हे सगळं बघितलं होतं, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.  झोपाळा हलत नव्हता, मित्रांनी पाय जमिनीवर घट्ट टेकवले होते.

"त्या दिवशी सकाळी बरी होती," अण्णा म्हणाले. "मला म्हणाली, धुतलेलं लुगडं आणा घरून. मी बदलापूरला गेलो. येताना गाडीचा खोळंबा झाला. आलो तेव्हा..."

 त्यांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली.

"पुढचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तिथे नव्हतो. ही होती. मी हिला कधी विचारलंच नाही."

मित्रांनी माझ्याकडे बघितलं, वहिनींनी बघितलं. शेवटी अण्णांनी बघितलं. श्रावणापासून ते माझ्याशी बोलत होते, जेवत होते, कालपासून शेजारी बसून वाट सांगत होते. पण असं बघितलं नव्हतं.

"सांग," ते म्हणाले.

मला ओळखीच्या माणसांतही चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"दुपारी तिनं पाणी मागितलं," मी म्हणाले. "मी चमच्यानं पाजलं. मग ती म्हणाली, तू बस, उभी नको राहूस. म्हणून मी खाटेवरच बसले, तिच्या पायांशी..."